पडीक म्हणावे कोणत्या जमिनीस?

मनुष्य ज्या वस्तूचा उपयोग जाणत नाही, तिला तो निरुपयोगी म्हणतो आणि पुढे तिचा नाश करताना त्याच्या मनास काही खंत वाटत नाही. जमिनीच्या बाबतीत हे विशेष दिसून येते. सातबाऱ्याच्या उताऱ्यात ‘पोटखराब’ असा एक शब्द येतो. शेताच्या ज्या भागात पीक येत नाही, म्हणजे ओघळ, खडकाळ कडा, मुरमाड चढ, त्या भागास हे नाव आहे. गावाच्या सामाईक जमिनीस गायरान म्हणतात, आणि जेथे कोणी काहीच करीत नाही तिला सरसकट पडीक म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द महसुलाच्या सोयीसाठी निघाले. ज्या जमिनीपासून सारा मिळत नाही ती कोणती, एवढेच त्यांतून कळावयाचे. परंतु कागदावरचा हा शब्द हळूहळू आपल्या मनात उतरला आणि जी जमीन सरकारास सारा देत नाही ती कोणासच काही देत नाही, असा आपला ग्रह होऊन बसला. हा ग्रह चुकीचा आहे, व त्यापायी आपण आपल्या डोळ्यांदेखत एक मोठे धन गमावीत आहोत, हे ह्या लेखात दाखवावयाचे आहे.

आमचे म्हणणे वसमतच्या वाचकांस समजण्यास कठीण जाऊ नये. आपले गाव चारी दिशांनी वाढत आहे. हळदीच्या व्यापाराने गावाचे नाव दूरवर गेले. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही अभिमानाची गोष्ट होय. बाजारपेठ वाढली म्हणजे माणसे येतात, माणसांस घरे लागतात, घरांस रस्ते लागतात, आणि रस्त्यांस मुरूम लागतो. म्हणून गावाबाहेर कोणत्याही रस्त्याने अर्धा कोस चालत गेल्यास काल जेथे कुसळी गवत, तरवड आणि बोरीची झुडपे होती, तेथे आज पांढरा रंग दिलेले दगड ओळीने रोवलेले दिसतात. त्यांच्यामधून सडका आखलेल्या असतात, एक कमान उभी असते आणि तिच्यावर कोण्या नगराचे सुंदर नाव लिहिलेले असते. ती जागा पूर्वी कोणाची होती असे विचारल्यास उत्तर मिळते, ‘कोणाची नव्हती, पडीकच होती.’

ती जागा कोणाचीच नव्हती काय? चैत्र-वैशाखात, सकाळी सहाच्या सुमारास, अशा एखाद्या माळावर अर्धा तास स्वस्थ उभे राहावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग पायांपासून वीस हातांवर एक दगड हलल्यासारखा वाटतो. तो दगड नसून माळटिटवी असते. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे लोंबणारी पिवळी कातडी आणि अंगाचा रंग थेट मुरमाचा. तिचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरची उथळ खळगी. तीत बहुधा चार अंडी असतात, आणि त्यांवरील ठिपके आसपासच्या खड्यांशी इतके मिळतेजुळते असतात की शोधणाऱ्याचा पाय त्यांवर पडला तरी आश्चर्य नाही. भर दुपारी ऊन अंड्यांस भाजू लागले म्हणजे ही पक्षीण पाण्याच्या डबक्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून परत येते आणि त्या ओल्या पिसांनी अंड्यांस गारवा देते. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस मोठा होतो, असे आपल्याकडील वृद्ध शेतकरी सांगतात. ह्या समजुतीची शास्त्रीय परीक्षा काय होईल ती होवो; परंतु टिटवी कोठे बसते इकडे आपल्या वाडवडिलांचे लक्ष होते एवढे तरी तीवरून सिद्ध होते. आज ते लक्ष राहिलेले नाही.

त्याच माळावर डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी असतो. त्याचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीस टेकण्यापूर्वी पुन्हा वर उसळतो, आणि हा खेळ कित्येक वेळा करतो. लोकांनी त्याचे नाव किती समर्पक ठेवले पाहा. चंडोल असतो, तो गात गात आकाशात चढतो. धाविक असतो, तो चार पावले धावतो आणि एकाएकी थांबून पुतळ्यासारखा उभा राहतो. बाभळीच्या शेंड्यावर खाटीक बसलेला असतो. धरलेला नाकतोडा काट्यास टोचून ठेवण्याची त्याची सवय आहे, म्हणून हे नाव. वर आकाशात एकाच ठिकाणी पंख हालवीत कापशी घार तरंगत असते आणि खाली उंदीर दिसताच पाय खाली सोडून उतरते. हळदीच्या व हरभऱ्याच्या शेतांत उंदरांचा उपद्रव कोणास माहीत नाही? ही कापशी आणि रात्री पडक्या भिंतीतून निघणारा पिंगळा हे त्या शेतांचे बिनपगारी राखणदार आहेत, आणि त्यांची वस्ती त्या ‘निरुपयोगी’ जमिनीवर आहे.

पावसाळ्याच्या तोंडी चातक येतो. तो आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांच्या बरोबरीने समुद्र ओलांडतो आणि आपल्या झुडपांत कलकलाट करणाऱ्या सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो. पावसाळ्यात विहिरीवर ओणवलेल्या बाभळीस सुगरणीची घरटी लोंबू लागतात. पावसाळा सरता सरता भोरड्यांचे थवे उतरतात. काळ्या डोक्याचे, गुलाबी अंगाचे हे पक्षी मध्य आशियातून व पूर्व युरोपातून आपल्या ज्वारीच्या शिवारात येतात. हिवाळ्यात भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातो, आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर मुक्काम करतो. गवत गेले की त्याचा मुक्काम गेला. पडक्या भिंतीवर शेपटी थरथरवीत थिरथिरा बसलेला असतो. ही यादी येथेच थांबवितो. वाचकांनी एवढेच पाहावे की जी जागा आपण ‘कोणाची नव्हती’ म्हणतो, तिजवर तीन खंडांतील प्राण्यांचा वहिवाटीचा हक्क होता.

कोणी म्हणेल, पक्षी पाहावयाचे असतील तर मोठी अभयारण्ये आहेत. पैठणचा जलाशय आहे, नाशिककडे नांदूर मध्यमेश्वर आहे. गावाच्या उकिरड्याशेजारच्या माळाचे एवढे कौतुक कशाला? ह्यास उत्तर असे की, अभयारण्यास वर्षातून एकदा सहल जाते, आणि माळ रोज शाळेच्या वाटेवर असतो. ज्ञान हे सहलीने येत नसून सहवासाने येते.

ह्याचा पुरावा आपल्या इतिहासातच आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्या गृहस्थाचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला. त्याचे वडील तेथे स्कॉटलंडच्या मिशनाचे पाळक होते व मुलाचे शिक्षण त्यांनीच केले. पुढे हा मुलगा जकात व मीठ खात्यात नोकरीस लागला. मोठ्या मोहिमा काढण्यास त्याला सवड नव्हती. म्हणून त्याने आपल्या बंगल्याच्या आवारातील कावळे, चिमण्या, बेडूक आणि मुंग्या ह्यांचेच निरीक्षण केले, आणि ‘एहा’ ह्या नावाने अशी पुस्तके लिहिली की ती आजही लोक आवडीने वाचतात. मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक १९०० सालचे आहे. १८८३ साली मुंबईत जी निसर्ग-इतिहास संस्था स्थापन झाली तिच्या आठ संस्थापकांत तो होता, आणि त्याच आठांत डॉक्टर आत्माराम पांडुरंग व डॉक्टर सखाराम अर्जुन हे आपले मराठी गृहस्थही होते.

दुसरे उदाहरण डॉक्टर सलीम अली ह्यांचे. त्यांनी १९३० साली कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्यासाठी त्यांस कोणतीही प्रयोगशाळा लागली नाही. घरट्यांचे झाड, एक शिडी आणि पुष्कळ धीर एवढेच लागले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास आत राहते, मग नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, ही गोष्ट त्यांनी तेथे उघडकीस आणली. हजारो वर्षे लोक सुगरणीच्या कसबाची स्तुती करीत आले, परंतु विणणारा नर आहे व पारखणारी मादी आहे हे स्वस्थ बसून पाहिले कोणी? पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३१-३२ साली, सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. वसमत त्या काळी निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यात होते, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. म्हणजे आपल्या मुलखातील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करण्याची परंपरा आता शंभर वर्षांची होत आली आहे. ती पुढे चालविणे हे काम येथील मुलांचे आहे.

आता धोका कोणता तो पाहू. केंद्र सरकारने उपग्रहाच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचा एक नकाशासंग्रह तयार केला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीप्रमाणे देशाच्या एकूण क्षेत्रफळापैकी १६.९६ टक्के जमीन पडीक ठरते. ह्या आकड्यात खरोखर उजाड झालेली जमीन आहेच. परंतु झुडपी माळ आणि विरळ गवताची जमीन ह्यांचीही गणना त्यातच झाली आहे. सौर विजेचे प्रकल्प, कारखाने, रस्ते, वसाहती ह्यांसाठी जागा शोधणाऱ्याची बोट प्रथम साहजिकच त्या नकाशावर पडते, कारण तेथे ‘काही नाही’ असे नकाशाच सांगतो.

परिणाम काय झाला? देशातील हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांपैकी साठ टक्के जाती घटल्या आहेत. गवताळ व मोकळ्या प्रदेशात राहणाऱ्या पक्ष्यांची घट त्यात विशेष चिंता उत्पन्न करणारी आहे. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो निळ्या पंखांचा चास पक्षी तारेवर बसलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचीही संख्या इतकी उतरली आहे की त्याच्या स्थितीचा नव्याने विचार व्हावा असे त्या अहवालाने सुचविले. आणि माळढोकाची कथा तर सर्वश्रुत आहे. सोलापूरजवळ नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र आरंभी ८,४९६ चौरस किलोमीटर होते, ते पुढे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. एवढा मीटरभर उंचीचा, डौलदार पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. त्यास कोणी शत्रू म्हणून मारून काढले असे नव्हे. शिकार झाली, तारांवर आपटून तो मेला, पण त्याहूनही त्याचा माळ तुकड्यातुकड्याने दुसऱ्या कामास लागला.

असल्या जागेचा वाद प्रत्यक्षात कसा होतो हे पाहावयाचे असेल तर नवी मुंबईकडे पाहावे. सिडको ही संस्था १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व काठावर तिने नवे शहर वसविले. नेरूळच्या दक्षिणेस, खाडीच्या कडेस, काही उथळ तळी राहिली. लोक त्यांस जवळच्या इमारतींच्या व संस्थांच्या नावांनी ओळखतात: एन.आर.आय. तळे, चाणक्य तळे, डी.पी.एस. तळे. नकाशावर ती शहराची शिल्लक जमीन. परंतु हिवाळा आला म्हणजे तेथे फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, थव्यांनी उतरतात.

हे तेथे का उतरतात ह्याचे कारण मुलांनी नीट समजून घ्यावे, कारण साऱ्या वादाचे मर्म त्यात आहे. खाडीस ओहोटी लागली म्हणजे चिखल उघडा पडतो आणि रोहित त्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव चोचीने गाळून खातात; त्यांचा गुलाबी रंग ह्या अन्नापासूनच येतो. भरती आली म्हणजे तो चिखल पाण्याखाली जातो. मग पुढचे काही तास त्यांनी उभे कोठे राहावे? ती विसाव्याची जागा म्हणजे ही काठावरची उथळ तळी. खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्यास जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसरच्या यादीत स्थान मिळाले. पण अभयारण्य झाले म्हणून पक्ष्यांचे काम भागत नाही. जेवणघर राखले आणि निजण्याची खोली पाडली, तर पाहुणा राहील कसा?

ह्या तळ्यांच्या जागी गोल्फचे मैदान आणि निवासी इमारती करण्याचा बेत होता. नवी मुंबईतील नागरिक न्यायालयात गेले. त्यांपैकी बहुतेक शास्त्रज्ञ नव्हेत. सकाळी फिरावयास जाणारे, दुर्बीण गळ्यात घालणारे सामान्य लोक. त्यांच्यापाशी मोठे बळ एकच होते, ते म्हणजे वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी व काढलेली छायाचित्रे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला व बांधकामाचा मार्ग रोखला. प्रकरण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. दरम्यान २०२४ च्या उन्हाळ्यात डी.पी.एस. तळ्यात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बुजल्यामुळे तळे आटले, आणि रोहित पक्षी तेथे मरून पडल्याचे लोकांनी पाहिले; मग ओरड झाली, समिती नेमली गेली. ह्यावरून दोन धडे घ्यावयाचे. पहिला, की पडीक म्हटलेल्या जागेचे खरे मोल तिची नोंद ठेवणाऱ्यासच सिद्ध करता येते. दुसरा, की अशी जागा नष्ट करण्यास तीवर इमारत बांधावीच लागते असे नाही. तिच्या पाण्याची एक नाली बुजविली तरी पुरे होते.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, नाही तर हा लेख एकांगी होईल. आमच्या वाचकांत असे पालक आहेत की ज्यांनी आयुष्यभर पोटास चिमटा घेऊन एक लहानसा प्लॉट घेतला आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत सहा माणसांनी राहण्याचे दुःख ते जाणतात. त्यांस आम्ही टिटवीच्या अंड्यांची कथा सांगावी आणि घर बांधू नका म्हणावे, हे दयाशून्यपणाचे होईल. मनुष्यास निवारा पाहिजे, आणि वाढत्या गावास जमीन पाहिजे, ह्यात शंका नाही. ज्यांच्या मुलांस निजावयास जागा नाही त्यांच्यापुढे पक्ष्यांच्या हक्काचे व्याख्यान देणारा मनुष्य आपलेच म्हणणे कमकुवत करतो.

परंतु प्रश्न घर की पक्षी असा आहे काय? गावाभोवतीच्या पुष्कळशा प्लॉटांवर कित्येक वर्षे घर उठत नाही. भाव वाढण्याची वाट पाहत ते पडून असतात. तथापि जमीन सपाट करून, झुडपे जाळून, ओढे बुजवून ठेवण्याचे काम मात्र पहिल्याच महिन्यात उरकले जाते. ही घाई निवाऱ्याची नव्हे, व्यापाराची आहे. जेथे घर उभे राहते तेथील माळ गेला, हे दुःख सोसता येईल. जेथे घरही नाही आणि माळही नाही, त्या नुकसानीचा जमाखर्च कोणाच्या खाती मांडावयाचा?

येथे आणखी एका गैरसमजाचा विचार करणे अवश्य आहे, कारण तो सद्भावनेतून निघतो. मोकळी जागा दिसली की तेथे झाडे लावावी, असे आपण मुलांस शिकवितो. वृक्षारोपण हे चांगले कार्य आहे. रस्त्याच्या कडेस, शाळेच्या अंगणात, ओढ्याच्या काठी ते अवश्य करावे. परंतु माळ म्हणजे रोगट झालेले अरण्य नव्हे. कमी मातीच्या, कमी पावसाच्या जमिनीवर गवत हेच निसर्गाचे पूर्ण रूप असू शकते. तेथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावली तर धाविकास धावण्यास जागा राहत नाही, टिटवीस घरट्यातून चोहोंकडे नजर टाकता येत नाही, आणि भोवत्यास उतरता येत नाही. ज्यास आपण हिरवे करणे म्हणतो, ते त्या पक्ष्यांच्या दृष्टीने घरावरून भिंत घालण्यासारखेच आहे. तेव्हा खड्डा खणण्यापूर्वी तेथे आज कोण राहते, एवढे विचारावे.

परदेशातील दोन गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात लंडन शहरावर बॉम्ब पडले आणि मोहल्लेच्या मोहल्ले जमीनदोस्त झाले. त्या भग्न भिंतींच्या ढिगाऱ्यांत एक लहान पक्षी घरटी करू लागला. खडकांच्या कपारींत राहणाऱ्या त्या पक्ष्यास ते पडके शहर डोंगरासारखे वाटले असावे. हा पक्षी कोणता म्हणाल, तर कृष्ण थिरथिरा. ह्याचेच भाऊबंद मार्गशीर्षात आपल्या वसमतच्या पडक्या भिंतींवर शेपटी हालवीत बसतात. दुसरी गोष्ट बर्लिनची. तेथील टेंपेलहोफ विमानतळ २००८ साली बंद झाला. शहराच्या मध्यभागी तीनशे हेक्टरांचे मोकळे गवताळ मैदान राहिले, आणि त्यात चंडोल जातीचे पक्षी घरटी करू लागले. तेथेही घरांची टंचाई होती, व मैदानाच्या कडेने इमारती बांधाव्या असे सरकारचे म्हणणे होते. २०१४ साली लोकांचे मत घेण्यात आले, आणि सुमारे चौसष्ट टक्के मते मैदान मोकळे ठेवण्याच्या बाजूने पडली. आज तेथे मुले पतंग उडवितात, म्हातारे फिरतात, आणि विणीच्या दिवसांत चंडोलांच्या घरट्यांचा भाग दोर लावून राखला जातो. तो निर्णय बदलावा असे म्हणणारे तेथेही आहेत. पण एवढ्या मोठ्या राजधानीने ह्या प्रश्नास मतदानाच्या योग्यतेचा मानले, हे विचार करण्याजोगे आहे.

मग वसमतने काय करावे? आमच्या सूचना लहान आहेत, आणि त्यांस मोठा पैसा लागत नाही.

पहिली सूचना अशी. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडली पाहिजे, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ह्या जागेवर पुढे फरशी बसते, किंवा विलायती हिरवळ लावली जाते व पाण्याअभावी ती दोन उन्हाळ्यांत वाळते. त्याऐवजी ह्या जागेचा निम्मा भाग जसा आहे तसाच ठेवावा: त्यावरील बोर, तरवड आणि गवत काढू नये, ओघळ बुजवू नये, कचरा टाकू नये. मुलांच्या खेळास निम्मा भाग पुरतो; आणि काही न करण्याइतकी स्वस्त बाग दुसरी नाही. जे पालक नव्या वसाहतीत घर बांधीत आहेत त्यांनी आपल्या सभेत हा विषय काढावा.

दुसरी सूचना नोंदीची. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे नगरपरिषदेनेही, एक समिती नेमून आपल्या हद्दीतील वनस्पती व प्राणी ह्यांची लोकनोंदवही ठेवावयाची असते. अशी वही कचेरीत बसून भरता येत नाही. ती भरण्यास रोज पायी शाळेत येणाऱ्या मुलांहून योग्य कोण आहे? प्रत्येक वर्गाने एक वही घालावी. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे सहा रकाने पुरेत. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे. मारुती चितमपल्ली ह्यांचा पक्षिकोश ग्रंथालयात पाहून मागाहून नाव भरता येते. चितमपल्लींचा जन्मदिन ५ नोव्हेंबर व सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. ह्या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ह्या आठवड्यात भाषणे थोडी कमी करून मुलांस माळावर न्यावे, आणि पुन्हा फेब्रुवारीत, मेमध्ये व जुलैत न्यावे, म्हणजे ऋतूंचा फरक कळेल.

तिसरी सूचना वर्तनाची. अंडी हातात घेऊ नयेत, घरट्याजवळ गर्दी करू नये, छायाचित्राच्या हौसेपायी पक्ष्यास उठवू नये. गलोल शाळेच्या दप्तरात आढळू नये, हे सांगण्याची पाळी आता तरी येऊ नये. दुर्बीण नसली तर अडत नाही. शेतकऱ्याच्या मुलाची नजर आणि थोडा वेळ मौन धरण्याची सवय ही दोन साधने प्रत्येक घरी आहेत.

ह्या अभ्यासाने काय मिळेल असे पालक विचारतील, आणि तो प्रश्न योग्य आहे. परीक्षेत ह्याचे गुण नाहीत. परंतु जो मुलगा दगडांतून टिटवीची अंडी ओळखावयास शिकला, त्याचे डोळे तयार झाले. ज्याने तीन वर्षांच्या वह्या चाळून ‘ह्या वर्षी भोरड्या पंधरा दिवस उशिरा आल्या’ असे म्हटले, त्यास पुराव्याशिवाय बोलू नये हे कोणी निराळे शिकविण्याचे कारण नाही. ज्या मुलीने चातक कोठून येतो हे समजून घेतले, तिला भूगोलाचे पुस्तक परके वाटणार नाही. आणि जिला रोजच्या वाटेवरील एका माळाचे रहिवासी नावानिशी ठाऊक आहेत, ती पुढे कोठल्या कचेरीत बसून नकाशावर सही करणार असेल, तर सहीपूर्वी क्षणभर थांबेल. आपल्यास अशा माणसांची फार गरज आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घराण्यांत जमिनीचे व्यवहार होतात. उद्या तुम्हीच प्लॉट घ्याल, विकाल, बांधाल. ते करू नका असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, कोणत्याही जमिनीस पडीक म्हणण्यापूर्वी एक पूर्ण वर्ष, चारही ऋतूंत, तिच्याकडे पाहा. उन्हाळ्यात तेथे अंडी असतील, पावसाळ्यात विहिरीवर घरटी असतील, हिवाळ्यात दूरदेशचे पाहुणे असतील. त्यांची नोंद करा. ती नोंद पाहूनही ती जमीन बांधकामास द्यावी लागली, तर निदान काय दिले हे आपणांस ठाऊक राहील. आणि ज्या गावास आपण काय देऊन काय घेतो हे ठाऊक असते, ते गाव पुढच्या वेळी निम्मी तरी जागा राखून ठेवते. वह्या शाळेच्या कपाटात ठेवलेल्या आहेत. पहिले पान येत्या सोमवारपासून भरावयास हरकत नाही.